पांढऱ्या डागाचे पेढे

मॅडमच्या मनगटावर पहिला पांढरा डाग दिसला त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

डाग बोराएवढा होता. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, घड्याळाचा पट्टा बसतो तिथे. मॅडम काठी टेकत आत आल्या, पेढ्यांचा पुडा टेबलावर आपटला आणि बाही वर सारून एकेकाच्या नाकासमोर मनगट धरत निघाल्या. "बघा. नीट बघा. कोड आलंय मला."

पुड्याकडे निघालेले हात वाटेतच थांबले. मराठीच्या सरांना एकदम आपली शुगर आठवली. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. दुपारी तो मला व्हरांड्यातल्या कचऱ्याच्या डब्यात दिसला. खाल्ला तो मी एकट्यानं.

"मी कशाला खूश हाय, तुला कळलं ना?" मॅडमनी मला विचारलं.

"हाव."

"मग सांग की ह्यांना."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि सगळे खुर्च्या सरकवून निघून गेले. काहींचा तर तासही नव्हता.

हे नांदेडचं कॉलेज. मी मूळचा उदगीरचा. एमएस्सीला मॅडमच्या हाताखाली शिकलो आणि पुढं त्यांच्याच प्राणिशास्त्र विभागात शिकवायला लागलो. आमची दोघांची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळं त्यांच्या तऱ्हा मला बाकीच्यांपेक्षा जास्त ठाऊक. मॅडम किनवटकडच्या, जंगलातल्या एका खेड्यातल्या. शाळा सगळी वसतिगृहात राहून झाली. लग्न केलं नाही. जवळचं माणूस म्हणजे थोरला भाऊ, तो लातूरला एसटीत कंट्रोलर होता, आता निवृत्त. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, मॅडम लातूरला जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत यायच्या. भावाकडं करमत नाही का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "करमतं की. म्हणूनच येते लवकर."

फोन उचलला की त्या 'हॅलो' म्हणत नसत. "काय झालं?" असं म्हणत. जणू काही झाल्याशिवाय माणूस माणसाला फोन करत नाही. डबा प्रयोगशाळेत उंच स्टुलावर बसून खायच्या, ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि खाताना कुणी बोललेलं चालत नसे. छत्री बारा महिने हातात. घरी पायात चप्पल घालत नसत, गच्चीवर अनवाणीच फिरत. रोज संध्याकाळी गच्चीवर त्यांच्या येरझाऱ्या चालत आणि खालचा भाडेकरू वैतागून वर बघत राही.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध तऱ्हा म्हणजे, त्यांना काहीही एकदा विचारून उत्तर मिळत नसे. "मॅडम, उद्या रजा पाहिजे," असं म्हटलं की त्या खिडकीबाहेर बघत. माणूस तसाच परत गेला तर विषय संपला. थांबून त्यानं पुन्हा विचारलं, कारण सांगितलं, तर लगेच सही. नवीन माणसांना वाटे ऐकू कमी येतं. आमचा हेडक्लार्क म्हणायचा, "मॅडमच्या घरची बेलसुद्धा दोनदा दाबावी लागती." लोक समजायचे की शिकवायचा विषय त्यांच्या डोक्यात चढलाय. मला मात्र वाटतं, त्या अशाच होत्या आणि त्यांच्यासारखा विषय त्यांना पुढं सापडला.

विषय होता शरीराची प्रतिकारशक्ती. त्यातही टी पेशींचा धडा त्या दुसऱ्या कुणाला शिकवू देत नसत. धडा सुरू होताना पेनं खाली ठेवायची असत. पहिल्यांदा फक्त ऐकायचं. मग मुखेडकडच्या एखाद्या मुलीला आणि भोकरकडच्या एखाद्या मुलाला पुढं बोलवायच्या. मुलीच्या हातात खडू द्यायच्या.

"ही जंतूचा तुकडा दाखवणारी पेशी. तू टी पेशी. हे काय हाय?"

"खडू, मॅडम."

"ओळखलास?"

"हाव."

"मग मार की."

वर्ग हसायचा. मुलगा घाम पुसायचा.

"कामून मारत न्हाईस? ओळखलास ना?" मॅडम त्याला तसाच उभा ठेवून वर्गाकडं वळायच्या. "ओळख पटली हा पहिला इशारा. तेवढ्यावर ही पेशी हलत न्हाई. कारण दिवसभर तिला काय काय दाखवलं जातं. खाल्लेल्या भाकरीचे तुकडे, धूळ, स्वतःच्याच काळजाचे, आतड्याचे तुकडे. ओळखलं की मारलं असं केलं तर आपलीच राख होईल. म्हणून दुसरा इशारा लागतो. आसपास खरंच जंतू घुसला असला, पेशी मरून राहिल्या असल्या, तरच ही दाखवणारी दुसरा हात पुढं करती." मग त्या मुलीचा दुसरा हात धरून पुढं करायच्या आणि मुलाच्या हातात द्यायच्या. दोघं लाजून लाल व्हायची. "हिच्या हाताला बी-सेव्हन म्हणायचं. ह्याच्या हाताला सीडी ट्वेंटी-एट. हे दोन हात मिळाले की आता ही पेशी कामाला लागली. एकीच्या हजारो होणार."

"आणि दुसरा हात मिळालाच नाही तर?" असं कुणी तरी विचारावं म्हणून त्या थांबायच्या. कुणी विचारलं नाही तर स्वतःच विचारायच्या. "तर ती पेशी सुन्न पडती. मरत न्हाई, पण पुढं खरा जंतू आला तरी उठत न्हाई."

मग आवाज खाली आणून ब्रेकचं सांगायच्या. कामाला लागलेली टी पेशी काही वेळानं स्वतःच आणखी एक हात बाहेर काढते, त्याचं नाव सीटीएलए-फोर. तो हात बी-सेव्हनला इतका घट्ट धरतो की सीडी ट्वेंटी-एटला जागाच उरत नाही, आणि काम थंडावतं. "हा हात नसलेले उंदीर जन्माला घातले तर काही आठवड्यांत मरतात. कोणत्या रोगानं न्हाई. त्यांच्याच पेशी त्यांच्या काळजात घुसतात." एवढं सांगून त्या म्हणायच्या, "उचला पेनं." आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एकदा आम्ही दोघं परीक्षेच्या कामानं धर्माबादला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. स्टँडच्या मागं गर्दी जमली होती आणि मधोमध एका फिरस्त्याला मारणं चाललं होतं. खांद्यावर पोतं, भाषा कुणाला कळेना. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता, आणि कुणी तरी 'हाच तो' म्हणालं होतं. मी मॅडमचा हात धरायच्या आत त्या छत्रीनं वाट काढत आत घुसल्या आणि त्या माणसाच्या शेजारी मातीत बसल्या. "कुणाचं पोर गेलंय? पुढं या. कुणी बघितलं? आणखी कुणी बघितलं?" एक काठी त्यांच्या कानशिलावर बसली. तरी त्या उठल्या नाहीत, विचारतच राहिल्या. कुणाचंच पोर गेलेलं नव्हतं. पोलीस येईपर्यंत गर्दी पातळ झाली होती. तो माणूस जगला. पण दवाखान्यात बघायला गेलो तर आमच्याकडं बघून भिंतीकडं सरकत होता.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "मॅडम, हे वर्गात सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या इशाऱ्याचं ह्याहून चांगलं उदाहरण नाही."

कानशिलाला रुमाल लावून बसलेल्या मॅडम माझ्यावर इतक्या चिडल्या की शेजारचे प्रवासी बघायला लागले. "पेशी कशी माणूस असंल? पेशीला लाज न्हाई, पोरंबाळं न्हाईत. त्या लोकांना होती. हे उदाहरण दिलास तर बघ." मी ते कधीच दिलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय, तेही वर्गाबाहेर.

अशा बाईच्या टाचेवर काळा डाग आला. गच्चीवर बाभळीचा काटा मोडला असंल, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. डाग वाढला. मी म्हटलं दाखवा. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुन्हा म्हटलं, तरी बघत राहिल्या. एक दिवस चालताना रक्त आलं तेव्हा गेल्या. तो त्वचेचा कॅन्सर होता. जांघेत गाठी आल्या होत्या आणि फुफ्फुसातही ठिपके होते. नांदेडला टाचेचा मोठा भाग कापला, आणि पुढच्या उपचारासाठी हैदराबादला पाठवलं. आमच्याकडचे लोक मोठ्या आजाराला तिकडंच जातात. सोबत मी होतो.

तिथला डॉक्टर तरुण होता, हिंदीत बोलायचा. तो कागदावर गोल काढून समजावू लागला, तर मॅडमनी पेन त्याच्या हातातून घेतलं आणि राहिलेलं चित्र पुरं केलं. गाठ हुशार असते. टी पेशी तिला ओळखून जवळ आली की गाठ तिला ब्रेकच लावते. नवी औषधं त्या ब्रेकचा हात झाकून टाकतात, म्हणजे पेशी थांबत नाहीत. ब्रेक दोन प्रकारचे, औषधंही दोन.

"मॅडम, एक दवा से शुरू करेंगे," डॉक्टर म्हणाला.

"दोनों दीजिए."

"दोनों में खतरा ज़्यादा है. शरीर अपने ही ऊपर..."

"वो मैं ही तो पढ़ाती हूँ."

त्यानं बरंच समजावलं. शेवटी त्यानं माझ्याकडं बघून सांगितलं: पातळ संडास, धाप, छातीत धडधड, पापणी खाली येणं, यातलं काही दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही, फोन करायचा. परतीच्या रेल्वेत मॅडमनी माझ्याकडून हे सगळं तोंडी परीक्षेसारखं वदवून घेतलं. एक विसरलो तर म्हणाल्या, "पुन्हा."

औषध लागू पडलं. जांघेतल्या गाठी लिंबोळीएवढ्या झाल्या, मग लागेनाशा झाल्या. फुफ्फुसातले ठिपके बारके झाले. मॅडम काठी घेऊन कॉलेजात आल्या. आणि मग तो मनगटावरचा डाग. त्यांचा कॅन्सर रंग तयार करणाऱ्या पेशींचा होता. जाग्या झालेल्या टी पेशी गाठीसोबत कातडीतल्या साध्या रंगपेशीही मारत होत्या, म्हणून कातडी पांढरी पडत होती. औषध काम करतंय याची ती खूण होती. त्याचे पेढे.

पण कोडाला लोक कोडच म्हणतात. डाग मानेवर आले, हनुवटीवर आले. धुणंभांडं करणारी मावशी यायची बंद झाली. स्टाफरूममध्ये मॅडमचा कप वेगळा झाला. कुणी केला ते कळलं नाही. एका मुलीचे वडील प्राचार्यांकडं येऊन बसले, "पोरीचं लग्न जमवून राहिलो साहेब, तिला त्या बाईच्या टेबलाजवळ नका बसवू." प्राचार्यांनी मॅडमना बोलावून रजा घ्या म्हणून सुचवलं, अगदी गोड शब्दांत. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. प्राचार्यांना पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही.

त्याच दिवशी वर्गात दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर करून त्या उभ्या राहिल्या. "हात लावून बघा कुणाला बघायचं ते." पहिल्या बाकावरचा एक मुलगा खाली बघायला लागला. मग मागच्या बाकावरून एक काळीसावळी मुलगी आली आणि तिनं मनगटावरच्या डागावर बोट टेकवलं. "गरम हाय, मॅडम," ती म्हणाली. "जित्या माणसाचं असतंय गरम," मॅडम म्हणाल्या, आणि फळ्याकडं वळल्या.

त्या पावसाळ्यात नांदेडला डोळ्यांची साथ आली. निम्मा वर्ग लाल डोळ्यांनी बसलेला. मॅडमही काळा चष्मा लावून आल्या. "डोळे आलेत. लांब बस." मी खुर्ची मागं घेतली. याच सुमाराला त्यांची हैदराबादची तारीख होती आणि मला पेपर तपासणीसाठी लातूरला जावं लागलं. म्हणून त्यांचा भाऊ लातूरहून आला आणि तो त्यांना घेऊन गेला. या भावाला आम्ही दादा म्हणायचो. स्कॅन झाला, आणि त्याचा अहवाल यायच्या आधी त्याच दिवशी डोस झाला. साथ तिकडंही होती. चष्मा काढा, असं तिथंही कुणी म्हटलं नाही.

मी परत आलो तर मॅडमचा आवाज बदललेला. नाकातून येत होता. वर्गात खडू दोनदा खाली पडला. स्टाफरूममध्ये पाणी प्यायल्या तर ते नाकावाटे बाहेर आलं, आणि त्यांनी घाईनं पदर लावला.

"मॅडम, चष्मा काढा."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मॅडम, चष्मा काढा."

त्यांनी काढला. डोळे लाल नव्हतेच. दोन्ही पापण्या पांढऱ्या चिकटपट्टीनं कपाळाला चिकटवून वर धरल्या होत्या. पट्टीखालची कातडी सोलून निघाली होती.

"कधीपासून?"

"हैदराबादच्या आधीपासून."

"डॉक्टरला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर डोस दिला नसता." मधेच थांबून त्यांनी श्वास घेतला. "फुफ्फुसात दोन ठिपके राहिलेत. तेवढे जाऊ दे म्हणलं. मग सांगू."

"हे कुणी पेपरात लिहिलं असतं तर?"

"नापास केलं असतं." आणि त्या हसायला गेल्या, पण तोंडाच्या कडा वर उचलल्याच नाहीत.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं हृदयाचा आलेख काढला आणि तो बघताना त्याचा चेहरा पडला. मॅडमनी पडल्या पडल्या, नाकातल्या आवाजात, त्याला औषधाचं नाव सांगितलं, मोठा डोस द्या म्हणाल्या, आत्ताच द्या. हैदराबादच्या डॉक्टरनं फोनवर तेच सांगितलं. जाग्या केलेल्या सगळ्या पेशी आता पुन्हा झोपवायच्या होत्या. डोळ्यांच्या, घशाच्या, छातीच्या स्नायूंत त्या घुसल्या होत्या आणि काळजातही. हृदयाला ठोके द्यायला मानेच्या शिरेतून तार घातली. हैदराबादला हलवण्याची स्थिती राहिली नव्हती.

दादा संध्याकाळी लातूरहून पोचले. मॅडमनी त्यांना बघितलं आणि मला म्हणाल्या, "पट्टी काढ माझी." मी म्हटलं, काढली तर डोळे मिटतील. "मिटू दे. चेहरा बघून झालाय त्याचा." मी पट्ट्या काढल्या. पापण्या खाली आल्या. मग मिटल्या डोळ्यांनीच त्या हळू म्हणाल्या, "मला लई भीती वाटून राहिली रे." त्यांना तसं म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दादा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून त्यांचं कापलेलं पाऊल पांघरुणावरून दाबत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना व्हेंटिलेटर लावला. त्या दुपारी हैदराबादहून डॉक्टरचा फोन आला. स्कॅन बघून झाला होता. फुफ्फुस साफ होतं, ते दोन्ही ठिपके गेलेले. तो डोस घ्यायच्या आधीच गेलेले.

"काय म्हणले?" दादांनी विचारलं.

"गाठ गेली म्हणतेत, दादा. सगळी."

मी पुढचं सांगायच्या आत त्यांनी हात जोडले. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून एकामागून एक फोन लावत सुटले. "जयभीम. हाव, आमच्या बाईचा कॅन्सर गेला बघा. साफ गेला. डॉक्टरनीच फोन केला." मी त्यांच्या मागं उभा होतो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर त्यांना वाटलं मी आनंदानं ठेवलाय. त्यांनी माझा हात थोपटला. मी आत गेलो आणि मॅडमच्या कानाजवळ वाकून स्कॅनचं सांगितलं. त्यांना ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही. हृदयाचा ठोका तारेनं पडत होता, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम गेल्या.

स्मशानातून आम्ही त्यांच्या घरी आलो. शेजाऱ्यांनी चहा आणून ठेवला होता. दादा सतरंजीवर भिंतीला टेकून बसले, आणि कपाला हात न लावता म्हणाले, "मला एक समजावून सांग. गाठ गेली म्हणलास. मग बाई गेली कशानं?"

मी जमेल तसं सोपं करून सांगितलं. अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यांना थांबवणारी सोय असते. गाठ मारण्यासाठी ती सोय औषधानं काढून टाकली होती. मग त्या थांबल्या नाहीत.

"म्हंजे तिच्याच पेशींनी?"

"हाव."

"तिच्या स्वतःच्या?"

"हाव, दादा."

त्यांनी सतरंजीचा एक धागा ओढून काढला. मग म्हणाले, "त्यांनी ओळखलं न्हाई का तिला?"

ओळखलं होतं, असं मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांचा फोन वाजला. लातूरहून कुणी तरी होतं. काल दादांनीच ज्यांना बरी झाली म्हणून कळवलं होतं, त्यांतलंच कुणी तरी. दादांनी माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"जयभीम," ते म्हणाले. "हाव. सकाळीच. न्हाई, न्हाई, चुकून कळलं होतं आम्हाला. कॅन्सरच होता. कॅन्सरनंच गेली."